प्रेम वाटत नाही, तरी जात राहू का?

गोव्यातल्या बार्देशातल्या एका सुनेचं पत्र आलं आहे. थोडं आखडतं घेऊन देते.

"मी मूळची मालवणची, शिक्षण सगळं मराठीतून. लग्न होऊन इकडे आले. नवरा बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने घरी नसतो. घरात सासू आणि शाळेत जाणारा मुलगा. मी म्हापशाला नोकरी करते. गेल्या उपवासकाळात विगारांनी (आमच्या चर्चच्या मुख्य पाद्रींनी) शेर्मांवात, म्हणजे प्रवचनात, बायबलातल्या मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायावर सांगितलं आणि मी भारावून आजारी व एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाणाऱ्या गटात नाव दिलं. माझ्याकडे तीन घरं आली. दोन घरी बरं वाटतं. तिसरं घर ऐंशी ओलांडलेल्या एका अंकलचं. बायको वारली, मुलगी लंडनला. मला बघितलं की म्हणतात, 'पाद्रीन धाडलां गो तुका?' नेलेलं टोमॅटो सूप 'मीठ ना' म्हणून बाजूला सारतात. मी तासभर घड्याळाकडे बघत बसते. विगार म्हणाले होते, त्यांच्यात येशू बघा. मला येशू दिसत नाही, एक तिरसट म्हातारा दिसतो. मन नसताना केलेली सेवा देवाला पोचते का? घरी मांय (सासू) म्हणते, 'गावाला सूप, आणि माका पेज कोण वाडटलो?' कामावरची हिंदू मैत्रीण विचारते, हे शेवटी धर्म वाढवायलाच ना? गटातून नाव काढून घेऊ का? आणि अंकलच्या मुलीला फोन करून सांगू का?"

बाय, तू माझ्या भाचीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते. नाव काढून घेऊ नकोस. पण आत्ता जसं चाललंय तसंही चालू ठेवू नकोस, कारण त्यात तुझंही भलं नाही आणि अंकलचंही नाही.

तो अध्याय आधी पुन्हा वाच, या वेळी शेर्मांव बाजूला ठेवून. शेवटच्या निवाड्याच्या वेळी राजा उजवीकडच्यांना सांगतो की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलंत, परका होतो तेव्हा घरात घेतलंत, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो तेव्हा माझ्याकडे आलात. यावर ती माणसं खूश होऊन मान डोलावत नाहीत. ती गोंधळतात. प्रभू, तुला आम्ही कधी भुकेला पाहिलं? म्हणजे त्यांना त्या भुकेल्यात येशू दिसलाच नव्हता! समोर उपाशी माणूस होता, घरात भाकरी होती, त्यांनी वाढली. गंमत म्हणजे डावीकडचेही नेमकं हेच विचारतात. दिसला दोघांनाही नाही. एकाने ताट वाढलं, दुसऱ्याने नाही, निवाडा तेवढ्यावर झाला. मग अंकलमध्ये तुला येशू दिसत नाही म्हणून तू स्वतःला नापास का करतेस? विगारांचा हेतू चांगलाच होता, पण ती ओळख तुझ्याकडून मागितलेली नाही.

मी नोकरीची सगळी वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काढली. रात्री तीन वाजता बेडपॅन द्यायला उठणाऱ्या नर्सच्या मनात काय असतं हे बाहेरच्यांना फार उदात्त वाटतं. खरं सांगायचं तर तिची पाठ दुखत असते आणि तिला चहा हवा असतो. पेशंटला त्याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला बेडपॅन वेळेवर हवं असतं, आणि देणारा हात गार नसावा एवढंच. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली छापून आली तेव्हा कितीतरी भाविकांना धक्का बसला, कारण आपल्याला देव जवळ असल्याचं जाणवतच नाही, असं ती बाई वर्षानुवर्षं आपल्या धर्मगुरूंना लिहीत होती. आणि त्याच वर्षांत ती रस्त्यावरची मरणारी माणसं उचलून आणत होती. मला तेव्हा धक्का बसला नव्हता, सुटल्यासारखं वाटलं होतं.

आपल्या धर्माची जुनी शिकवण या बाबतीत तुझ्या-माझ्यापेक्षा व्यवहारी आहे. दयेची सात शारीरिक कृत्यं सगळ्यांना पाठ असतात: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, आजाऱ्याची भेट वगैरे. पण दुसरी सातही आहेत, आत्मिक. त्यात एक आहे, त्रासदायक माणसांना धीराने सोसणं. ती यादी करणाऱ्याने गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरी नक्कीच खेपा घातल्या असणार. सेवा करताना वैताग येणार हे त्याने धरूनच चाललेलं दिसतं.

आता सूपाकडे येते, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. अंकलनी सूप मागितलं होतं का? ऐंशी वर्षं अकरा वाजता पेज आणि काल्ची कडी खाल्लेल्या माणसापुढे तू टोमॅटो सूप ठेवलंस, तर तो मीठ नाही म्हणणार नाही तर काय म्हणणार? तू काय न्यायचं ते ठरवलंस, कधी जायचं ते ठरवलंस, किती वेळ बसायचं ते ठरवलंस. त्यांच्या बाजूने बघ जरा. आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर बसून त्यांना कोणाच्या तरी पुण्याचं गिऱ्हाईक व्हावं लागतंय. 'पाद्रीन धाडलां गो तुका?' हा टोमणा वाटतो खरा, पण तो प्रश्नही आहे. तू माझ्यासाठी आलीस की यादीत नाव आहे म्हणून?

यरीहोच्या वेशीवरचा आंधळा बार्तीमय आठवतो ना? तो ओरडत येशूपुढे आला. त्याला काय हवंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. तरी येशूने विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? पुढच्या खेपेला तूही विचार. साधेपणाने, आणि सूप न नेता.

उत्तर एकदम मिळणार नाही. 'कांयच नाका' हे पहिलं उत्तर असतंच. म्हणून डोळे उघडे ठेव. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी काय अडलेलं असतं हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. देवघरापुढचा बल्ब उडालेला असतो आणि स्टुलावर चढायची भीती वाटते. पावसाच्या आधी छपराचे नळे परतायचे राहिलेले असतात, माणूस मिळत नाही. एके काळी मे महिन्यात घरभर पुरुमेंत भरलेलं असायचं, सुकी मासळी, सोलं, मिरच्या, कांदे. आता बाजारात जायला पाय उठत नाही आणि सांगायला लाज वाटते. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे थांबलेले असतात, कारण हयातीचा दाखला दिलेला नसतो. गोळ्यांच्या डब्यात गेल्या वर्षीच्या गोळ्या असतात. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, तारीख दिलेली असते, ती निघून गेलेली असते, कारण सकाळी सकाळी दोन बसगाड्या बदलून कोण नेणार? यातलं एखादं काम केलंस तर तासभर घड्याळ बघायची पाळी येणार नाही. हाताला काम असलं की तिरसट माणसाशीही बरं बोलता येतं. समोरासमोर खुर्च्या टाकून प्रेमाची वाट बघत बसलं की जमत नाही.

तिरसटपणाविषयीही एक सांगते, हे नर्स म्हणून. म्हातारपणी माणूस आधीपासूनच तसा असू शकतो, ते मान्य. पण बऱ्याचदा त्याच्या खाली काहीतरी असतं. कान गेलेले असतात आणि निम्मं ऐकू येत नाही. कवळी लागते. पोट साफ नसतं. रात्री लघवीला चारदा उठावं लागल्याने झोप झालेली नसते. बायको गेल्यापासून मन उठलेलं असतं. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारतात का, भांडं करपलेलं दिसतं का, अंगावर तोच शर्ट आठवडाभर आहे का, हे बघ. तसं असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही लागतो. जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. मन खचल्याचं किंवा विसरभोळेपणाचं असेल तर बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मनोविकारांच्या सरकारी इस्पितळात, दाखवता येतं. तिकडे फक्त वेडे जातात ही समजूत कृपा करून मनातून काढ.

आणि पाय बघ. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी देवळात (चर्चमध्ये) बारा जणांचे पाय धुतात, सगळे घरून पाय स्वच्छ धुऊनच आलेले असतात. मी त्याची थट्टा करत नाही, मला तो विधी आवडतो. पण योहानाच्या तेराव्या अध्यायात येशूने धुतलेले शिष्यांचे पाय धुळीचे होते, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाचे पाय तसेच असतात. ऐंशीच्या पुढे वाकता येत नाही. नखं वाढून जाड होतात, बोटात रुततात, बूट घालवत नाही, मग माणूस मिशीला (चर्चमधल्या प्रार्थनेला) येणं सोडतो आणि गावाला वाटतं, म्हाताऱ्याचा विश्वास उडाला. कोमट पाण्याचं घमेलं, जुना टॉवेल, नेलकटर. तुमच्या गटात एखादा पुरुष असेल तर त्याला हे काम सांग, अंकलना कमी अवघडल्यासारखं होईल. मात्र मधुमेह असेल तर नखांना हात लावू नका. बोटांच्या बेचक्यात जखम, काळेपणा, सूज दिसली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र. मधुमेहात पायाला लागलेलं कळत नाही आणि हयगय झाली तर पाय गमवावा लागतो.

एकटी जाऊ नकोस. येशूनेही शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं होतं, आणि सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीची माणसं १८३३ पासून घरभेटीला जोडीनेच जात आली आहेत. एकट्या पुरुषाच्या घरी तू एकटी हे तुझ्यासाठी आणि त्यांच्यासाठीही बरं नाही, गावाचं तोंड आपल्याला माहीत आहे. त्यांचं पासबुक, एटीएमचं कार्ड, घराचे कागद हातात घेऊ नकोस, त्यांनी आग्रह केला तरी. औषधं आणून दिलीस तर बिल आणि सुटे पैसे टेबलावर, दोघींसमक्ष. घरात एक वही ठेवा: कोण कधी आलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, शेजाऱ्याचा नंबर, १०८. फोटो काढून ग्रुपवर टाकायची कोणी टूम काढली तर मोडून काढ. आणि वाड्यावरच्या पोदेराशी (पाववाल्याशी) बोलून ठेव. कोणाचं दार सकाळी उघडलं नाही, कोणाची पावाची पिशवी तशीच लटकते आहे, हे सगळ्यांत आधी त्यालाच कळतं. फिर्गजीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, कुठल्याही समितीपेक्षा त्याची हजेरी पक्की असते.

वेळेचं म्हणशील, तर वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या भल्या शमरोन्याची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवून उताराशाळेत नेलं, इथपर्यंत सगळ्यांना येतं. दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेला लागला, हे कोणी सांगत नाही. उताराशाळेच्या मालकाला त्याने दोन दिनार दिले. दिनार म्हणजे तेव्हा मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणाला, याच्याकडे बघ, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. त्याचा धंदा होता, घर असेल. एका रात्रीचं काम त्याने स्वतः केलं, पुढचं दुसऱ्यावर सोपवलं आणि हिशेब लक्षात ठेवला. तूही अंकलचं सगळं अंगावर घेऊ नकोस. पंधरवड्याला एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जा. येणार नसशील तर फोन कर, कारण तोंडाने काहीही म्हणोत, ते वाट बघत असतात.

आता मांय. इथे तुला थोडं बोलणार आहे.

मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांवर, म्हणजे त्या वेळच्या कर्मठ धर्मपंडितांवर, चिडलेला दिसतो. काही माणसं आईबापांना सांगत की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते मी देवाला वाहिलं आहे, आणि मोकळी होत. देवाच्या नावाने आईबापांना उपाशी ठेवायची ती सोय त्याला सहन झाली नाही. तू तसं करतेस असं मी म्हणत नाही. पण रविवारची तुझी दुपार देवाला वाहिलेली आणि मांयचं ताट झाकून ठेवलेलं, असं होत असेल तर तिच्या बोलण्यात तथ्य आहे. तिचे गुडघे, तिची पेज, हेही मत्तयच्या त्याच अध्यायात बसतं. घरातलं माणूस रोजचं असतं म्हणून ते मोजायचं राहून जातं.

तरी मला वाटतं तिची तक्रार पेजेची नाही. पेज ती स्वतः वाढून घेऊ शकत असेल. मुलगा बोटीवर, सून कामावर, नातू शाळेत, आणि सुटीच्या दिवशी सून दुसऱ्याच्या अंगणात. तिला तू घरात हवी आहेस. मग तिला यात घे ना! अंकल आणि ती एकाच फिर्गजीत म्हातारी झाली. त्यांची बायको कशी होती, घरात काय शिजायचं, कोणाशी भांडण आहे, हे सगळं तिला ठाऊक असणार. पेज आणि मिस्कूट (कैरीचं लोणचं) तिच्या हातचं ने, आणि तिचंच म्हणून सांग. (अंकलना रक्तदाब असेल तर मिस्कूट बोटभरच, मीठ फार असतं त्यात.) गुडघे परवानगी देत असतील तर एखाद्या दिवशी रिक्षाने तिलाच घेऊन जा. दोघं मिळून सगळ्या गावाला नावं ठेवतील, आणि अंकलच्या आठवड्यातला तो सगळ्यात चांगला तास असेल.

अजून एक. तुझ्या पत्रात नवरा एकदाच येतो, तोही बोटीसकट. मांय त्याची आई आहे. बोटीवर हल्ली इंटरनेट असतं. रविवारी तू बाहेर असतेस त्या वेळेत त्याने आईला फोन करावा, आणि पगारातून दोन-तीन तासांच्या मदतनीस बाईचे पैसे द्यावेत. सेवा हे बायकांचंच खातं आहे असं बायबलमध्ये कुठे लिहिलेलं मला तरी सापडलेलं नाही. बारा पुरुषांचे पाय एका पुरुषानेच धुतले होते.

मैत्रिणीच्या प्रश्नाने दुखावू नकोस. गोव्यात तो प्रश्न हवेतून येत नाही. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. मंगेशाला कुठ्ठाळीहून नदीपलीकडे न्यावं लागलं, ही कथा तिने आजीकडून ऐकली असणार. तिला वाद घालून पटणार नाही, आणि वाद घालूही नये. तुझ्या तीन घरांत एक घर बिगर ख्रिस्ती घे. वाड्याच्या टोकाला भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बांधकाम मजुरांची एखादी बाळंतीण असेल, तिला लसीच्या तारखा सांगायला कोणी नसतं. तिथे जाताना सांताचं (ख्रिस्ती संताचं) चित्र नेऊ नकोस, जेवणाआधी प्रार्थना म्हणायला लावू नकोस. मुळात ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्यापुढे धर्म काढूच नये. तिने आपणहून विचारलं, ताई तुम्ही हे का करता, तर मात्र लपवूही नकोस. मी ख्रिस्ती आहे, माझ्या धर्मात असं सांगितलंय, एवढं एक वाक्य पुरे.

आपल्याच बाणावलीत १६५१ साली जन्मलेले सांत जुझे वाझ श्रीलंकेत कँडीला होते तेव्हा, १६९७ मध्ये, देवीची साथ आली. ज्यांना शक्य होतं ती माणसं शहर सोडून गेली, आजाऱ्यांना घरचेच रानात नेऊन सोडत होते. वाझ आणि त्यांचे भाचे पाद्री जुझे कार्व्हालो मागे राहिले, झोपड्या उभ्या केल्या, जखमा धुतल्या, भरवलं, मेलेल्यांना पुरलं. ते मिशनरी होते, ते कधी लपवलं नाही. पण झोपडीत घेताना हा बौद्ध की ख्रिस्ती असं विचारलं नाही. कधी १६ जानेवारीला सांकवाळच्या फेस्ताला गेलीस तर मैत्रिणीलाही घेऊन जा, आणि ही गोष्ट तिला येताना सांग, जाताना नको.

राहिला मुलीला फोन. आधी अंकलना विचार. त्यांच्या पाठीमागे केलास तर दार कायमचं बंद होईल, आणि ते रास्तच होईल. हो म्हणाले तर त्यांच्यासमोरच लाव, स्पीकरवर. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि थंडीत साडेपाच तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडच्या रविवारच्या संध्याकाळी तिची दुपार असते. 'तुमचे वडील एकटे पडलेत' असं सुरू करू नकोस. परदेशातल्या मुलांना ते रोज रात्री टोचत असतं, वर तुझ्याकडून ऐकलं तर ती चिडेल. कामाचं बोल: कोणत्या गोळ्या चालू आहेत, नळे परतायला कोणाला सांगायचं, रात्री अपरात्री काही झालं तर तिने कोणाचा नंबर दिलाय. ते नको म्हणाले, तर महिनाभर विषय काढू नकोस. मात्र ते पडले, किंवा भान हरपल्यासारखे वागले, तर परवानगीची वाट बघायची नाही. आधी १०८, मग विगार, मग मुलगी. तिचा नंबर विगारांकडे असेल, आजच मागून वहीत लिहून ठेव.